एका अर्जात एकच विषय

पंचफुलाबाईनं मला पहिल्यांदा पकडलं तेव्हा मला बदलीवर वाशीमला येऊन चार दिवस झाले होते, आणि त्यातले तीन मी रेल्वे गेटसमोर उभं राहून काढले होते. आमचं घर रुळांच्या एका बाजूला, ऑफिस दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे गेट. ते एकदा पडलं की माणसाची बदली होऊन, रद्द होऊन, पुन्हा व्हावी इतका वेळ जायचा. पहिल्या दिवशी माझ्यापुढे मुंडावळ्या बांधलेला एक नवरदेव गाडीत बसला होता. गेट उघडलं तेव्हा त्याच्या मांडीवर पोरगं होतं असं माझं प्रामाणिक मत आहे. मालगाडी यायची, अर्धी पुढे जायची, काहीतरी आठवल्यासारखी थांबायची आणि मग माणसं विड्या पेटवायची.

चौथ्या दिवशी मी स्कूटर बंद करून हेल्मेटच्या आत उकडत होतो, तेवढ्यात मेथीचा एक ढीग माझ्याकडे चालत आला. ढिगाला खाली दोन पाय होते, मध्ये हिरवं लुगडं होतं आणि वरून आवाज येत होता. आवाज असा, की पलीकडच्या इंजिनानं आपला हॉर्न आवरता घेतला.

"काय करून राह्यले?"

"थांबलोय," मी म्हणालो.

"थे तं दिसून राह्यलं. थांबून काय करून राह्यले?"

बारा वर्षांच्या सरकारी नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"कोन्या हापिसात हाय?"

मी सांगितलं.

"म्हंजे बाबू. मंग हात रिकामेच असतीन. घ्या, निवडा."

आणि तिनं मेथीच्या दोन जुड्या माझ्या पोटावर टेकवल्या. मी आजूबाजूला पाहिलं. माझ्या डावीकडे एक वकील काळ्या कोटात, मोटरसायकलच्या टाकीवर वर्तमानपत्र पसरून, गवारीच्या शिरा काढत होते. उजवीकडे कॅन लावलेला दूधवाला तुरीच्या शेंगा सोलत होता. जीपमधून शेलूबाजारला निघालेले अकरा लोक एकाच मोठ्या परातीतली आंबाडी निवडत होते आणि बाराव्याला, तो देठं पानांत टाकतो म्हणून, शिव्या देत होते. मी मेथी निवडली. गेट उघडलं तेव्हा मला ऑफिसला पन्नास मिनिटं उशीर झाला होता आणि माझी नखं हिरवी झाली होती.

निवडलेली मेथी मी पिशवीत भरायला लागलो तर बाई ओरडली, "ओ बाबू! थे तुमची नोहे! थे पुढच्या गेटची!"

मग मला कायदा समजला. पंचफुलाबाईची वाडी गेटला लागून, रुळांच्या पलीकडे होती. वांगी, मेथी, पालक, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, सगळं तिथलं. भाजी विकत घ्यायची ती आधीच्या गेटला अडकलेल्या लोकांनी निवडून ठेवलेली. तुम्ही निवडायची ती तुमच्यानंतर अडकणाऱ्यांसाठी. असं दिवसातून पंधरा-वीस वेळा. त्यामुळे वाशीमच्या त्या भागातल्या नोकरदार बायकांनी कित्येक वर्षं घरी मेथी निवडली नाही आणि त्यांच्या नवऱ्यांना बाहेर निवडावी लागते हे त्यांना कळलं नाही. गेटमन सोमला हा या कारखान्याचा भोंगा. गाडी गेली की तो चाक फिरवायला जायचा आणि बाई खालून हाक मारायची, "सोमला, दोन मिन्टं थांब नं बापा, गवार राह्यली!" सोमला थांबायचा नाही. पण चाक जरा सावकाश फिरायचं, असं आम्हाला वाटे.

आणखी एक कायदा होता. भाजी कुणी निवडली ते विचारायचं नाही. एकदा एका पांढऱ्या टोपीतल्या आजोबांनी पालक हातात घेऊन विचारलं, "आदीच्या गेटले कोन होतं वं?" आधीच्या गेटला रत्नमाला मॅडम होत्या, पलीकडच्या बौद्धवाड्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या. आजोबांना ते नक्की ठाऊक होतं, म्हणूनच विचारत होते. पंचफुलाबाईनं पालक त्यांच्या हातातून काढून घेतला. "जिनं निवडला तिनं इचारलं नाई, कोन खाईन म्हून," ती म्हणाली. आजोबांनी पुढचे आठ महिने गावातून महाग पालक घेतला. मग गुपचूप आले आणि वाल सोलायला बसले.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण पंचफुलाबाईच्या सुनेचे, उज्ज्वलाचे, दिवस भरले. कळा सुरू झाल्या आणि मुलगा गजेंद्र आपल्या ऑटोत तिला घालून निघाला, तो गेटवर अडकला. गेटच्या पलीकडे दवाखाना, अलीकडे ऑटो आणि मध्ये बंद पडलेली मालगाडी. सोमला स्टेशनला फोन करकरून रडकुंडीला आला. "सिग्नल लाल हाय, मी काय करू? मी काय करू?" बायकांनी निवडायच्या भाज्या टाकल्या, ऑटोभोवती साड्यांचे पदर धरून आडोसा केला आणि रत्नमाला मॅडम आत शिरल्या. आम्ही पुरुष पाठ करून उभे राहिलो. वकीलसाहेब हातातली शेंग सोलायची विसरून तशीच धरून होते. पस्तीस मिनिटांनी गेट उघडलं तेव्हा पोरगी जन्मून रडून झोपली होती. दोघी सुखरूप होत्या.

त्या दिवशी पंचफुलाबाईनं उरलेली भाजी तशीच टोपलीत भरून नेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला परात दिली नाही, समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबू, हे गेट गेलं पायजे."

मला वाटलं, उन्हानं तिचं डोकं फिरलं. "मावशी, गेट गेलं तर तुझी भाजी कोण घेईल? इथं थांबेल कोण?"

"काल माई सून वाचली. उद्या कोनाची वाचन का नाई वाचन, कोनाले मालूम? मले काय लोकाईच्या मरनावर मेथी इकायची हाय का?"

"पूल व्हायला पाहिजे मग."

"व्हयनं. तुमी लेहा अर्ज. बाबू कायले हाये मंग तुमी?"

मी अर्ज लिहिला. मी उत्तम अर्ज लिहितो, हे मी स्वतः सांगतो कारण दुसरं कुणी सांगणार नाही. तिनं मात्र शेजारी बसून अर्जात दुसरं कलम घालायला लावलं: गेट गेल्यावर पुलाखाली, गेटच्याच ठिकाणी, भाजीवाल्यांना बसायला जागा द्यावी आणि पायी जाणाऱ्यांसाठी रुळांखालून वाट ठेवावी. "वाडी तिकून, घर इकून," ती म्हणाली. "वाट पायजे. अन् जागा पायजे. जागा असली तं लोक येतीन." मग उभी राहून तिनं सगळ्या अडकलेल्यांना विचारलं, "काहो, पूल झाला तं खाली उतरून येसान नं भाजीले?"

"येऊ!" सगळे ओरडले. वकीलसाहेब तर म्हणाले, "मावशी, पुलावरून उडी मारून येऊ!"

महिनाभर सह्या गोळा झाल्या. प्रत्येक बंद गेटला एक कागद फिरायचा. माणसं मेथी निवडता निवडता सही करायची, त्यामुळे प्रत्येक पानावर हिरवे डाग पडले. सहाशेच्या वर सह्या. सगळ्यात वर पंचफुलाबाईची, चौथी शिकलेल्या ठसठशीत अक्षरात.

अर्ज द्यायला आम्ही चौदा जण गेलो. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. आत मी एकटा गेलो, कारण मला ऑफिसात कसं बोलायचं ते येतं. साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला, सह्या पाहिल्या, हिरव्या डागांचा वासही घेऊन पाहिला. मग म्हणाले, "अर्ज चांगला आहे. पण यात दोन मागण्या आहेत. पुलाचं टेबल वेगळं, जागेचं टेबल वेगळं. हा अर्ज दोन टेबलांमध्ये फिरत राहील. एका अर्जात एकच विषय. तुम्हाला काय सांगायचं?"

मला खरंच काही सांगायची गरज नव्हती. याच कारणासाठी मी स्वतः शेकडो अर्ज परत पाठवले होते. ते वाक्य मी झोपेत लिहू शकतो. मी शेजारच्या टायपिंगच्या दुकानात गेलो, पहिलं पान नव्यानं करून घेतलं, त्यात पूल ठेवला, जागा आणि वाट काढली, सह्यांची पानं जशीच्या तशी खाली टाचली आणि दिला. वेगळा अर्ज येत्या सोमवारी देऊ, असं ठरवलं. मनाशी.

बाहेर कडुनिंबाखाली सगळे जण भज्यांच्या पुड्या सोडून बसले होते.

"देल्ला?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"दिला."

"सगळं?"

"सगळं," मी म्हणालो आणि भजं उचललं.

सोमवार आला. त्यानंतरही बरेच आले. वेगळ्या अर्जाचा विषय मी टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. खालचा मजकूर तेवढा राहिला होता.

आणि पूल मंजूर झाला. एवढ्या लवकर कसा झाला याचं गावानं आश्चर्य केलं. माझ्या मते एकच विषय होता म्हणून झाला.

मग दोन वर्षं धूळ. गेट बंद, रस्ता खणलेला, आणि सगळी वाहतूक चार किलोमीटर फिरून, एका नाल्यातल्या कच्च्या वाटेनं. शाळेच्या गाड्या फसायच्या, दूधवाल्याचे कॅन सांडायचे, रस्त्याकडेच्या दुकानांचे काउंटर पांढरे व्हायचे. आणि हे सगळं पंचफुलाबाईच्या नावावर जमा व्हायचं, कारण अर्जावर पहिली सही तिची होती आणि ती कुणापासून लपवायची नाही. "काय मावशे, घे तुवा पूल!" म्हणून माणसं चिखलातून ओरडायची. सायकलच्या दुकानातला मुन्ना तर तिला 'पुलाची मालकीण' म्हणायचा. ती त्या कच्च्या वाटेच्या तोंडावर टोपली घेऊन बसायची. थांबायला कुणाला वेळ नव्हता, निवडायला तर नव्हताच. दिवसाकाठी दोन-चार जुड्या जायच्या.

"धकून जाईन," ती मला म्हणायची. "एकडाव पूल झाला का पुलाखाली माई जागा पक्की. अर्जात हाय."

"हो," मी म्हणायचो. "अर्जात आहे."

उद्घाटनाला मांडव होता, डीजे होता. मोठे लोक आले, फीत कापली, ठेकेदाराला शाल दिली. पंचफुलाबाई वाडीतल्या निवडक वांग्यांची टोपली घेऊन आली होती. भाषणं झाल्यावर ती सरळ व्यासपीठाजवळ गेली आणि एका साहेबांना विचारलं, "साहेब, माई जागा कोनती?"

"कोणती जागा?"

ती हसली. मागे वळून बायकांना म्हणाली, "साहेब नवे दिसून राह्यले. यायले मालूम नसन." मग साहेबांना समजावून, "तुमी कागद पाहा नं. अर्जात हाय. आमच्या बाबूनं लेहेलाय. कुठी गेले बाबू?"

बाबू मांडवाच्या मागे, जनरेटरशेजारी, उभे होते.

पूल उत्तम झाला हे सांगितलंच पाहिजे. ऑफिसला मी आता वेळेवर जातो, ही माझ्या साहेबांना अजून पचलेली गोष्ट नाही. त्या वर्षी दिवाळीआधी एका सकाळी सुचिताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, छातीत दुखायला लागलं. गजेंद्रनं ऑटो काढला आणि आम्ही पुलावरून चार मिनिटांत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई दवाखान्यात आली. पालकाचं पातळ वरण डब्यात घेऊन. सुचिताच्या पायाशी बसली आणि समाधानानं म्हणाली, "पाह्यलं नं बाबू? म्या म्हनलं होतं, पूल पायजे म्हून."

मी वरण वाढून घेतलं आणि खाल्लं.

पुलाखाली मात्र कुंपण झालं. आत दोन मोठे दगड आणि 'येथे बसण्यास मनाई आहे' असा बोर्ड. रुळांच्या दोन्ही बाजूंना भिंत आली, पुरुषभर उंच. बाईचं घर अलीकडे, वाडी पलीकडे. आधी दोनशे पावलं होती, आता पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, डोक्यावर टोपली घेऊन, वर चढून खाली उतरून. ती कुंपणाबाहेर, उतरणीच्या कडेला बसायची. आम्ही वरून जायचो. रत्नमाला मॅडम दोन-तीन महिने नेमानं खाली उतरल्या, मग त्यांची आसेगावला बदली झाली. मी दोनदा गेलो. वकीलसाहेब हॉर्न वाजवून हात हलवायचे. पुलाच्या दुसऱ्या टोकाला एक चकचकीत दुकान निघालं, तिथे निवडलेली मेथी प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते. ती मेथी कुणी निवडली ते तिथेही कुणी विचारत नाही.

"जागा काहून देत नाई?" असं विचारत ती सगळ्या टेबलांवर फिरली. प्रत्येक ठिकाणी तिला सांगितलं, अशी मागणीच आलेली नाही. शेवटी गजेंद्रनं माहितीच्या अधिकारात मूळ अर्जाची नक्कल मागवली.

रविवारी सकाळी ती आमच्या घरी आली. चहा घेतला. मग पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले, सगळ्यात वर पहिलं पान. झेरॉक्समध्ये हिरवे डाग काळे आले होते.

"बाबू, इथी माई सही हाय. इथी तुमची. इथी पूल हाय." तिचं बोट ओळीओळीनं खाली सरकत गेलं आणि कागद संपला. "जागा कुठी गेली?"

"मावशी, त्याचं असं आहे, एका अर्जात एकच विषय असतो."

"असं व्हय."

"तसा नियमच आहे. दोन विषय असले की अर्ज फिरत राहतो. मग पूलही झाला नसता."

"बरं केलं मंग. पन मले तवाच काहून नाई सांगतलं? म्या तिथीच बसेल होती, झाडाखाली. दुसरा अर्ज देल्ला असता. सह्या तं रोज भेटत होत्या बाबू, गेट पडत होतं तवा. आता कोनाले थांबवू मी? कोन थांबते?"

"मी देणार होतो वेगळा. तयार आहे. म्हणजे विषय तयार आहे."

सुचिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मले वाटलं लोक फिरले," पंचफुलाबाई म्हणाली. तिचा आवाज, इंजिनाला गप्प करणारा, आमच्या बैठकीच्या खोलीतही पुरेसा भरत नव्हता. "लोकाईनं शब्द देल्ला, नाई आले. म्या म्हनलं, जाऊ द्या, लोकाईले घाई असते. वकील फिरला, चालते. वकीलच हाय थो. पन तुमाले तं घाई नोती नं बाबू. तुमी तं आत टेबलापाशी होते. मी तुमाले इचारलं, सगळं? तुमी म्हनले, सगळं. अन् भजं खाल्लं."

"मावशी…"

"दोन वर्स लोकं मले चिखलातून शिव्या देत होते. मी म्हनत होती, अर्जात हाय, अर्जात हाय. तुमी आयकत होते. हो म्हनत होते." तिनं कागदांची गठडी केली, पण पहिलं पान टेबलावरच राहू दिलं. "हे तुमी ठेवा. तुमचं हाय. सह्या मी नेतो, त्या माया हायेत."

मी तिला पुलाच्या पायथ्यापर्यंत सोडायला निघालो. ती म्हणाली, "या नोका. मले रस्ता मालूम हाय, मीच मागतलेला हाय." आणि गेली. मी आत आलो तर सुचिता कप उचलत होती.

"तुम्ही 'सगळं' म्हणालात तिला?" तिनं विचारलं.

त्या दिवशी आमच्या घरी एवढंच बोलणं झालं.

सोमवारी मी वेगळा अर्ज दिला. विषय होताच, मजकूर पंधरा मिनिटांत झाला. सही एकच, माझी. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: सदर ठिकाणी रेल्वे फाटक अस्तित्वात नसल्याने फाटकावरील विक्रेत्यांना पर्यायी जागा देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. उत्तर व्याकरणशुद्ध होतं.

ते घेऊन मी पूल ओलांडून वाडीवर गेलो. पंचफुलाबाई महिन्यापूर्वीच शेलूबाजारला लेकीकडे राहायला गेली होती. भाजी न्यायला आता फार लांब पडते म्हणून गजेंद्रनं वाडीत सोयाबीन पेरलं होतं.